पडद्यावरची खुंटी

मुलगा चांगला आहे, पण बोलता बोलता मध्येच कुठेतरी निघून जातो, असं माझ्या सासूबाईंनी आमचं लग्न ठरायच्या आधीच लेकीला सांगून ठेवलं होतं. निघून जातो म्हणजे उठून नव्हे, बसल्या जागी. पुढे त्यांनी हे मत कधी बदललं नाही, आणि बदलावं असं काही माझ्या हातून झालंही नाही.

मी जायचो तो कॉम्प्युटरच्या पडद्यात. विमा कंपनीच्या कचेरीत लोकांचे अर्ज मशीनमध्ये भरायची माझी नोकरी, आणि कचेरीनं मोडीत काढलेलं एक मशीन घरी आणून त्याच्याशी झोंबत बसायचं हा माझा छंद. त्या जमान्यातल्या मशीनमध्ये पडद्यावर चित्र उमटवायला एक वेगळं कार्ड असे. ते कसं वापरायचं हे बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेलं होतं. पुष्कळ रंग हवे असतील तर ठिपके, म्हणजे पिक्सेल, मिळणार आडवे तीनशे वीस आणि उभे दोनशे. याहून जास्त मागायचे नाहीत, आणि सभ्य माणसं मागतही नसत. पण कार्डाच्या पोटात रजिस्टर नावाचे बारके कप्पे असतात, एकेका कप्प्यात एकेक आकडा. रेघ कुठे संपवायची, एक ओळ किती वेळा गिरवायची, मेमरीतल्या कुठल्या जागेपासून चित्र वाचायला घ्यायचं, हे सगळं त्या आकड्यांवर ठरतं. ते आकडे परभारे बदलले की कार्ड पुस्तकात नसलेलं काहीबाही दाखवायला लागतं. दोनशेच्या जागी चारशे ऐंशी ओळी! शिवाय एरवी हाताला न लागणारी कार्डाची पाऊण मेमरी मोकळी होते ती वेगळीच. हे मला पहिल्यांदा जमलं तेव्हा मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की बायको गॅसवरचं दूध सोडून धावत आली.

पडद्यावर पोपट होता.

"कालही पोपटच होता ना?" ती म्हणाली.

"कालचा जाडाभरडा होता. आज बघ, चोच कशी गुळगुळीत आलीय!"

तिनं चोच बघितली, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. त्यानंतर आमच्या घरात कुठलंही नुकसान झालं की ते पोपटाच्या नावावर मांडलं जाऊ लागलं.

रजिस्टरातला आकडा चुकला तर मॉनिटर बारीक शिट्टी घालतो आणि चित्र वरून खाली घरंगळत राहतं. शहाणा माणूस लगेच बटण बंद करतो. मी एकदा 'बघू तरी काय होतं ते' म्हणून बघत बसलो, आणि काय होतं ते दिसलंच. टप्प असा आवाज, जळक्या रबराचा वास आणि काळा पडदा. सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, हे ऐकलं होतं. आमच्या जावईबापूंनी भिंतही जाळली."

सासूबाई आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. नवरा लवकर गेला. वाचनालयात नोकरी करून त्यांनी एकटीनं लेकीला वाढवलं. वाचनालय सुटलं तरी एक काम त्यांनी धरून ठेवलं होतं. गावातल्या साप्ताहिकाचं शब्दकोडं त्या करत. करत म्हणजे सोडवत नव्हेत, रचत. कोड्याखाली नाव नसे. पोस्टाच्या रांगेत शेजारची बाई "या खेपेला फारच अवघड घातलंय मेल्यानं" असं म्हणाली की सासूबाई "हो ना" म्हणत आणि दिवसभर खूश असत.

खिडकीशी त्यांचं टेबल होतं. त्यावर चौकटींचा कागद, लाकडी पट्टी, आणि दोऱ्यानं टेबलाच्या पायाला बांधलेलं खोडरबर, कारण खोडरबर पळून जातं असा त्यांचा अनुभव होता. समोरच्या भिंतीला एक खुंटी आणि तिला बाजारात न्यायची पिशवी. कोडं रचताना त्या आधी काळी घरं भरत, शब्द मागाहून. कागद उलटा धरला तरी काळ्या घरांची नक्षी तशीच दिसली पाहिजे, हा त्यांचा नियम. "कुठे थांबायचं ते आधी ठरवावं, म्हणजे बोलणं नीट होतं," असं त्या म्हणत, आणि रोख माझ्यावर असे.

मग डोळ्यांचं सुरू झालं. आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून मायलेकींना नीट समजावून सांगितलं. मीही तिथेच होतो. पण डॉक्टरांच्या टेबलावर नवाकोरा मॉनिटर होता आणि त्याचं चित्र अगदी बारीक लुकलुकत होतं. कुठल्या रजिस्टरात काय घातलं की ते थांबेल, याचा मी मनात हिशेब मांडत होतो. डॉक्टरांचं बोलणं मी ऐकलं, म्हणजे आवाज ऐकला. त्यातून घरी आणलं ते इतकंच की नजर कमी होतेय आणि चष्म्यानं सुधारणार नाही.

वर्षभर त्यांनी तसंच रेटलं. पुढे एका अंकात 'कापूस' आणि 'पाटी' हे दोन शब्द एकाच घरावरून भांडताना सापडले. दुसऱ्या अंकात एक काळं घर पांढरंच राहून गेलं. वाचकांचे फोन गेले, आणि एका संध्याकाळी संपादक स्वतः जिना चढून आले. आम्ही दोघं तिथेच होतो. संपादकांनी चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, कप खाली ठेवला आणि परत उचलला. तो रिकामा होता.

"बाई, तुम्ही खूप केलंत," ते म्हणाले. "आता जरा विश्रांती घ्या. हल्ली बाहेरून तयार कोडी मिळतात."

"महिनाभर द्या," सासूबाई म्हणाल्या. "नाही जमलं तर मीच सांगेन."

ते गेल्यावर सासूबाईंनी पट्टी आणि कागद कपाटात ठेवले. मग वाकून खोडरबराचा दोरा सोडवायला लागल्या. गाठ त्यांना दिसेना. बायकोनं ती सोडवून दिली आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

रस्त्यात ती म्हणाली, "हे काम गेलं तर आई नुसती बसून राहील. बसून राहणारी बाई नाही हो ती, खचेल. तुमच्या त्या डब्याचा जन्मात एकदा तरी उपयोग होणार असेल तर तो आत्ता करा."

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कोणी लागत नाही, मी आपला आपण चढतो. इतकी वर्षं ज्या विद्येला घरात कुत्रं विचारत नव्हतं तिचा दिवस उजाडला होता. मी कामाला लागलो. माझ्याजवळ असलेली सगळ्यात भारी चीज बाहेर काढली, आडवे तीनशे साठ आणि उभे चारशे ऐंशी ठिपके. त्यात अख्खं कोडं बसवलं. घरांना सावल्या दिल्या, कडांना हलका निळा रंग दिला. मराठी अक्षरं मशीनला येत नव्हती, तीही एकेक ठिपका मांडून स्वतः काढली. मशीन आणि जळलेल्याच्या जागी आणलेला मॉनिटर दोन फेऱ्यांत जिन्यावरून वर चढवले, टेबलावर ठेवले आणि बटण दाबलं.

सासूबाई पुढे झुकल्या. "धूर आहे का?" त्यांनी विचारलं. "यावेळी काय जाळलंत?"

"आई, कोडं आहे. जवळून बघा, रेषा किती बारीक आल्यात!"

माझ्या कानाशी बायकोचा आवाज आला. "अहो, दिसत नाही म्हणून रडतोय आपण. तुम्ही बारीक काय करत बसलात?"

डोंगर पोखरून उंदीर काढणाऱ्याला निदान उंदीर तरी मिळतो. ज्या बाईला दिसत नाही तिच्यासाठी मी आणखी बारीक दिसेल असं काहीतरी करून आणलं होतं. पण आमच्या जातीच्या माणसाला दुसरं सुचतच नाही. ठिपके वाढवायचे एवढंच आम्हाला येतं. कमी करायला काय अक्कल लागते, असं मी आयुष्यभर समजत आलो होतो.

तर कमी करायला घेतले. ज्या कप्प्याला मी नेहमी लहान आकडा द्यायचो त्याला मोठा दिला, एकेक ओळ चारचारदा गिरवली. ठिपक्यांचा वेग निम्म्यावर आणला. शेवटी उरले आडवे एकशे साठ आणि उभे एकशे वीस, वाटाण्याएवढे नव्हेत पण डाळीएवढे खरे. हे करताना माझ्या जिवावर आलं होतं, खोटं कशाला बोलू. काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, एकेक तळहाताएवढं. 'ज्ञ' काढताना तो दोनदा खुर्चीसारखा आला, 'ऋ' तर शेवटपर्यंत रुसलेलाच राहिला.

एवढ्या मोठ्या घरांचं अख्खं कोडं पडद्यावर मावेना, चारच घरं आडवी आणि तीन उभी मावत. इथे मात्र ती मोकळी केलेली पाऊण मेमरी कामाला आली. अख्खं कोडं चादरीसारखं कार्डाच्या पोटात अंथरलं आणि पडदा ही त्यावर सरकणारी खिडकी केली. बाणाची कळ दाबली की एका कप्प्यातला आकडा बदलायचा, खिडकी पुढे सरकायची. पुन्हा काही काढायचं नाही, खोडायचं नाही. आणि ज्या घरात अक्षर लिहायचं ते घर नेहमी पडद्याच्या बरोबर मधोमध येईल, अशी खास व्यवस्था केली. ह्या मधोमधचा मला फार अभिमान होता.

परत जिना, परत बटण. मधल्या घरात मी 'म' लिहून ठेवला होता.

सासूबाईंनी पडद्याकडे बघितलं. मान थोडी डावीकडे केली, थोडी वर. मग त्यांनी पडद्यावरून नजरच काढली आणि भिंतीकडे बघायला लागल्या. तिथे खुंटी होती आणि खुंटीला पिशवी. मी खिडकी कशी सरकते ते दाखवत होतो, आणि त्या पिशवी बघत होत्या. मी आवाज चढवला. त्या पिशवीच बघत होत्या.

"बरं आहे," अखेर त्या म्हणाल्या. "फक्त तो 'म' सारखा पळतो."

'म' जागच्या जागी होता. मी मशीन बंद केलं आणि बायकोला घेऊन निघालो.

रस्त्यात मात्र माझा बांध फुटला. "मी इतका खपलो! नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय! मी बोलत होतो आणि तुझी आई पिशवी बघत होती. मी घरात शिरलो तरी बघत नाही माझ्याकडे. गेलं वर्षभर बघतोय मी, दाराच्या चौकटीकडे बघेल, खुंटीकडे बघेल, पण माझ्याकडे म्हणून बघणार नाही!"

बायको चालता चालता थांबली. न्हाव्याच्या दुकानासमोर, भर रस्त्यात.

"अहो, आईला समोरचं दिसत नाही," ती म्हणाली. "नजरेच्या मधलं गेलंय, कडेचं राहिलंय. जे बघायचं त्याच्यावरून नजर बाजूला घ्यावी लागते तिला, तेव्हा ते दिसतं. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. तुम्ही कुठे होता?"

मी कुठे होतो हे मला नीट आठवत होतं. ते सांगण्यासारखं नव्हतं.

पण खरी शरम वाटली ती त्याची नाही. गेलं वर्षभर मी दारात उभा राहिलो की ही बाई माझ्या शेजारच्या चौकटीकडे बघायची ती मी दिसावा म्हणून, आणि मी दर खेपेला मनात एक अपमान जमा करून घरी नेत होतो. पिशवीकडे बघून ती माझा 'म' वाचायला धडपडत होती. मी मात्र ते अक्षर नेमकं तिला जिथे काही दिसत नाही तिथे नेऊन ठेवलं होतं, आणि वर त्या जागेचा अभिमान बाळगला होता. मला रडू आलं. न्हाव्यानं आतून बघितलं आणि गिऱ्हाईक नाही हे ओळखून परत वर्तमानपत्र उघडलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून थेट तिकडे गेलो, एकटाच. मशीन लावलं नाही. स्टूल घेऊन समोर बसलो.

"आई, मी आत्ता दिसतो का तुम्हाला?"

सासूबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे तोंड केलं. "असं बघितलं तर नाही. कान दिसतात, मध्ये नुसतं धुकं." मग त्यांनी नजर उचलून खुंटीवर नेली आणि तिथेच ठेवली. "आता दिसता. दाढी केली नाहीत आज."

मी हनुवटीवरून हात फिरवला. खरंच केली नव्हती.

"आणि काल तो 'म' पळत होता तो कसा?"

"पळणारच की. त्याच्यावरून नजर काढली तरच दिसतो, आणि काढून ठेवू कुठे? सगळा पडदा काळा. नजर घरंगळते हो. इथे भिंतीला खुंटी आहे म्हणून माझं भागतं. तुमच्या पडद्यावर खुंटी कुठाय?"

एवढी साधी मागणी माझ्याकडे आजवर कोणी केली नव्हती. मशीन सुरू करून लिहायचं घर मी मधून काढून खाली डावीकडे नेलं आणि वर उजवीकडे एक लाल ठिपका ठेवला. सासूबाई शेजारी बसून हुकूम सोडत होत्या. "वर. अजून. फार झालं. थोडा जाड करा. बस, इथे." खिडकी अलगद सरकायची ती माझी कारागिरीही गेली, कारण त्यांना गरगरायला लागलं. आता एका कळीला एक घर, धप्प. पोपट, सावल्या, निळ्या कडा, सगळं गेलं. उरलं ते एक न हलणारं टिंब. माझ्या हातून पडद्यावर आजवर जेवढे ठिपके उमटले त्यातला हा एकटाच कोणाच्या उपयोगाचा निघाला.

त्यांनी लाल टिंबावर नजर रोवली.

"म," त्या म्हणाल्या.

मी कळ दाबून दुसरं अक्षर आणलं.

"ळ. आणि पोट जरा जास्त सुटलंय त्याचं."

मी हसलो. मग त्यांनी मला बाजूला सारलं, कळांवर बोटं ठेवली आणि काळी घरं भरायला सुरुवात केली.

कळा पाठ व्हायला त्यांना वेळ लागला. मी दोन कळांवर मेणबत्तीचे थेंब पाडून दिले, तेवढ्या खुणेवर त्यांची बोटं जागा शोधू लागली. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक चूक राहिली होती, शेवटच्या रकान्यातलं अक्षर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला डोकावायचं. "तुमच्यासारखंच आहे हे, कुठे थांबायचं कळत नाही," असं म्हणून त्यांनी मला ती दुरुस्त करायला लावली. महिना संपायच्या आत पहिलं कोडं तयार झालं. बायकोनं ते कागदावर उतरवलं आणि काळ्या घरांची नक्षी जुळते का हे बघायला कागद उलटा केला. जुळत होती. ती स्वतः ते संपादकांच्या हातात देऊन आली.

अंक निघाला त्या दिवशी मी पेन घेऊन बसलो. सासूबाईंचं कोडं मला कधीच पूर्ण सुटलं नव्हतं. याही वेळी आडव्या शब्दांतल्या नवव्याशी अडलो. खूण अशी होती: 'सरळ बघितलं तर दिसत नाही, खुंटीकडे बघितलं तर दिसतो. अक्षरं तीन.'

मी 'सदरा' घालून बघितलं. बसेना. 'पंचा' तर दोनच अक्षरांचा. बायको खांद्यावरून वाकून बघत होती. तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि उभे दोन शब्द भरले. पहिल्या घरात 'जा' आला, तिसऱ्यात 'ई'. मी तरी तसाच बघत होतो. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. मधलं घर मग मीच भरलं. 'व' जरा वाकडा आला.

गावात मात्र गोंधळ उडाला. कोणाचंच उत्तर खुणेशी पटेना. पुढच्या अंकात संपादकांनी चौकट टाकली की आडव्या नवव्या शब्दाची खूण नजरचुकीनं भलतीच छापली गेली, वाचकांनी क्षमा करावी. ती चौकट मी सासूबाईंना वाचून दाखवली मात्र, त्यांनी फोन ओढला आणि नंबर बोटांनीच शोधून फिरवला.

"नजरचुकीनं?" त्या म्हणाल्या. "काहीही चुकलेलं नाही. उत्तर जावई, आणि खूण अगदी बरोबर आहे. माझा जावई मला जास्त माहीत की तुम्हाला?"

पलीकडून संपादक काहीतरी समजुतीचं बोलत होते. सासूबाईंनी ते पुरतं ऐकलं नाही, फोन खाली ठेवला. मग माझ्याकडे तोंड केलं, नजर उचलून खुंटीवर नेली आणि तिथेच ठेवली.

"आज केलीत वाटतं दाढी," त्या म्हणाल्या.